नंबर सतरा

मॅगझिनच्या मराठी विभागाला दरवर्षी दोन प्रकारचे लेख येतात. एक पावसावर आणि दुसरा 'होस्टेलचे ते सोनेरी दिवस'. माझा लेख दोन्हींत बसत नाही. हा एका चुकीबद्दलचा लेख आहे. चूक माझी आणि माझ्या पार्टनरची. सध्या ती झेरॉक्सच्या रूपाने आमच्याच होस्टेलमध्ये फिरतेय आणि तिला थांबवायचा दुसरा उपाय सुचेना, म्हणून लिहायला बसले. बायोटेकवाले सोडून बाकीच्यांनी घाबरून पान उलटू नये. यात इंटिग्रेशन नाही. कॉपी मात्र भरपूर आहे, त्यामुळे विषय सगळ्यांच्याच जिव्हाळ्याचा आहे.

तर झालं असं. सहाव्या सेमिस्टरला आम्हाला मिनी प्रोजेक्ट होता. सरांनी एक फाइल दिली. तिच्यात जिवाणूंची वीस प्रोटीन्स होती, पण नावं काढून टाकलेली. नुसती अक्षरं. प्रोटीन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ, आणि प्रत्येक अमिनो आम्लाला इंग्रजीतलं एक अक्षर. ही एकाक्षरी लिपी मार्गारेट डेहॉफ या बाईंनी रूढ केली. १९६५ साली त्यांनी तोपर्यंत माहीत असलेल्या प्रोटीन्सचा पहिला ॲटलास छापला, तोही पुस्तकाच्या रूपात. काम एवढंच होतं की या वीस माळा पाहायच्या आणि जिवाणूच्या पोटात कोणती माळ कोणतं काम करते ते ओळखायचं. साखर फोडते? नायट्रोजन काढते? की आणखी काही?

ऐकायला ज्योतिष वाटतं, पण पद्धत सरळ आहे. ज्यांचं काम प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं आहे अशा प्रोटीन्सच्या यादीशी आपली अनोळखी माळ ताडून बघायची. जिच्याशी जास्तीत जास्त जुळेल तिचं काम हिचंही असणार, असं धरायचं. शेजारच्या गावात पाहुणा आला की आजी तोंडाकडे बघून सांगते ना, "तू अमक्याचा नातू न्हवं?" तसंच.

जुळवणीत नुसतं 'सारखं' आणि 'वेगळं' एवढंच मोजत नाहीत, गुण देतात. त्यासाठी ब्लोसम ६२ नावाचा तक्ता आहे, १९९२ सालचा, हेनिकॉफ पतिपत्नींनी केलेला. त्यात ट्रिप्टोफॅनसमोर ट्रिप्टोफॅन आलं तर ११ गुण, कारण ते दुर्मिळ आहे आणि सहसा बदलत नाही. ल्युसिनसमोर ल्युसिन आलं तर ४. ल्युसिनच्या जागी आयसोल्युसिन आलं तरी २ गुण मिळतात, कारण दोघांचा स्वभाव जवळचा. भलतंच काही आलं तर मायनस. मध्ये मोकळी जागा सोडावी लागली तर आणखी दंड. म्हणजे थोडक्यात आपलीच परीक्षा, निगेटिव्ह मार्किंगसकट.

हे सगळं ब्लास्ट नावाचा प्रोग्रॅम करतो. तो १९९० साली आला. आधी तीन-तीन अक्षरांचे तुकडे जुळवून बघतो आणि जिथे ठिणगी पडते तिथून दोन्ही बाजूंनी जुळणी वाढवत नेतो. शेवटी एक ई-व्हॅल्यू देतो. ती म्हणजे एवढ्या मोठ्या गर्दीत निव्वळ योगायोगाने इतके गुण मिळवणारे किती जण सापडले असते त्याचा अंदाज. आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकं नातं खरं.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. आमच्या रिपोर्टचं पहिलं प्रकरण आम्ही सीनियर्सच्या रिपोर्टवरून 'प्रेरणा घेऊन' लिहिलं होतं. त्यात होतं, 'ब्लास्टचा शोध १९८१ साली लागला.' सरांनी लाल गोल केला. १९८१ साल स्मिथ आणि वॉटरमन यांच्या पद्धतीचं. ब्लास्ट नंतर नऊ वर्षांनी. आम्ही सीनियर्सना विचारलं, ते म्हणाले आम्ही त्यांच्या सीनियर्सकडून घेतलं. लायब्ररीत जाऊन बघितलं तर तीन बॅचेस १९८१ चालत आलेलं. कोणी एकाने दोन ओळी एकत्र वाचल्या असतील आणि पुढचे सगळे डोळे मिटून लिहीत गेले. तेव्हा आम्ही खूप हसलो होतो.

असो. आम्ही कामाला लागलो. ताडून बघायला यादी लागते. पूर्ण डेटाबेस लॅबच्या त्या म्हाताऱ्या मशीनला झेपेना. पंखा असा ओरडायचा की लॅब असिस्टंट मामा येऊन विचारायचे, "पोरींनो, पेटणार तर नाही ना?" म्हणून मी एक शक्कल लढवली. माहितीतली एन्झाइम्स घेतली आणि त्यात ज्यांचं एकमेकांशी नव्वद टक्क्यांहून जास्त जुळतं, अशांपैकी एकच ठेवून बाकीची काढून टाकली. दोघी जुळ्या बहिणींचे दोन फोटो कशाला? एक पुरे. फाइल हलकी झाली, मशीन शांत झालं आणि मी स्वतःवर खूश झाले. हे शहाणपण लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.

वीसपैकी वीस ओळखली. सतरा नंबर तर सगळ्यात झकास. पावणेपाचशेच्या आसपास अक्षरं आणि जुळणी ९८ टक्के! ई-व्हॅल्यू सपाट शून्य. नाव आलं, ॲट्राझिन क्लोरोहायड्रोलेज.

हे नाव वाचून मी खुर्चीतून उठलेच. ॲट्राझिन आमच्या घरात गोठ्याच्या माळ्यावर असतं. आम्ही सांगलीकडचे. आण्णा मका करतात, थोडा ऊस. मक्यात तण माजू नये म्हणून हेच औषध पंपात घालून मारतात. ते तणाचं प्रकाशसंश्लेषण बंद पाडतं. मका मात्र ते स्वतःच्या अंगात निकामी करून टाकतो, म्हणून जगतो. पण औषध जास्त झालं आणि मातीत राहिलं, तर पुढच्या पिकाला, भुईमूग-हरभऱ्यासारख्याला, बाधतं. ती धास्ती आण्णांना कायम असते.

आणि हे औषध खाणारा जिवाणू खरोखर आहे. अमेरिकेत मिनेसोटात, जिथे तणनाशक सांडलं होतं त्या मातीत तो सापडला. १९९५ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. स्युडोमोनास, स्ट्रेनचं नाव एडीपी. ॲट्राझिन हे माणसाने १९५० च्या दशकात बनवलेलं रसायन, निसर्गात नव्हतंच. तरी काही दशकांत जिवाणूंनी ते खायची युक्ती काढली. पहिलं एन्झाइम रेणूवरचा क्लोरीन काढून टाकतं. दुसरं आणि तिसरं बाजूच्या दोन शेपट्या कापतात. उरलेलं कडं पुढची तीन एन्झाइम्स मिळून फोडतात. शेवटी हातात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड. त्यातला नायट्रोजन जिवाणू खातो. आपलं विष, त्याचा डबा.

मी त्याच रात्री घरी फोन केला. म्हटलं, "आण्णा, आपण मारतो ते औषध खाणाऱ्या जिवाणूचं एन्झाइम मी ओळखलं." आण्णा म्हणाले, "मग आपल्या रानात हाय का त्यो?" म्हटलं, "ते नाही माहीत." ते म्हणाले, "मग जेव जा आता."

रिपोर्ट तयार झाला. गोषवाऱ्यात ठसठशीत वाक्य टाकलं, 'वीसपैकी वीस एन्झाइम्सची अचूक ओळख.' कच्ची प्रत सरांनी परत दिली तेव्हा तक्त्यात सतरा नंबरसमोर पेन्सिलने एकच शब्द होता, 'खात्री?' ९८ टक्क्यांना खात्री विचारतात म्हणजे काय! मला बारावीला एवढे पडले असते तर मी इथे असते का? आम्ही तो शब्द खोडरबराने पुसला आणि चार प्रती बाइंडिंगला टाकल्या. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं.

सबमिशनच्या आदल्या रात्री प्रती आणल्या. पार्टनर झोपली. मला झोप येईना. तो पेन्सिलीचा शब्द पुसला होता तरी दिसत होता. शेवटी दीड वाजता लॅपटॉप उघडला आणि सतरा नंबरची माळ आमच्या हलक्या फाइलऐवजी पूर्ण डेटाबेसवर सोडली.

पहिलंच उत्तर आलं, जुळणी १०० टक्के. नाव, मेलामाइन डीअमायनेज.

मेलामाइन म्हणजे तेच, ज्याच्या रेझिनपासून आपल्या मेसच्या न फुटणाऱ्या डिश बनतात. २००८ साली चीनमध्ये दुधात प्रोटीन जास्त दिसावं म्हणून जे मिसळलं आणि लहान मुलांच्या किडन्या गेल्या, तेही हेच. त्याच्या रेणूवर क्लोरीन नसतोच. तीन अमिनो गट असतात. हे एन्झाइम त्यातले दोन काढतं. म्हणजे काम पूर्ण वेगळं. एन्झाइम्सना कामाप्रमाणे ईसी नंबर देतात, आपल्या पीआरएन नंबरसारखा. क्लोरोहायड्रोलेजचा ३.८.१.८. डीअमायनेजचा गट ३.५.४. पहिला आकडा सोडला तर पत्ताच वेगळा.

मी दोन्ही माळा एकाखाली एक मांडल्या. नऊ जागी फरक. एवढ्या लांब माळेत फक्त नऊ! हे काही मी शोधलेलं नाही. २००१ सालीच हा शोधनिबंध आलेला आहे आणि त्याच्या मथळ्यातच लिहिलंय की ही दोन एन्झाइम्स ९८ टक्के सारखी आहेत, पण काम वेगळं. त्यांनी दोन्हींची चाचणी घेतली होती. क्लोरीनवालं मेलामाइनला हात लावत नाही, मेलामाइनवालं ॲट्राझिनच्या क्लोरीनला शिवत नाही. पुढे २०१२ च्या कामात दिसलं की नऊपैकी ३२८ आणि ३३१ या दोन जागांचा वाटा मोठा. ३२८ ला एकीकडे ॲस्परॅजिन, दुसरीकडे ॲस्पार्टिक आम्ल. ३३१ ला एकीकडे सिरीन, दुसरीकडे सिस्टिन.

आता कळस बघा. ॲस्परॅजिनसमोर ॲस्पार्टिक आम्ल आलं तर ब्लोसम ६२ एक गुण देतो. प्लस! ब्लास्टने त्या जागी अधिकचं चिन्ह छापलं होतं, 'जवळजवळ सारखं' म्हणून. जिथे सगळा खेळ बदलतो, नेमकं तिथेच कॉम्प्युटर मान डोलावून पुढे गेला होता. त्याची चूक नाही. तो नातं सांगतो आणि नातं बरोबरच होतं. आमच्या क्लासमध्ये सुतार आडनावाचा मुलगा आहे. त्याला कपाटाचं बिजागर बसवता येत नाही, पण कोडिंग फर्स्ट क्लास करतो. आडनावावरून घराणं कळतं, धंदा कळत नाही. एवढी साधी गोष्ट आम्ही विसरलो होतो.

आणि हे डीअमायनेज आमच्या यादीत का नव्हतं? कारण मीच काढलं होतं. नव्वद टक्क्यांच्या वरचं जुळतं म्हणून. जुळ्या बहिणींचा दुसरा फोटो मीच फाडला होता.

मी पार्टनरला उठवलं. ती म्हणाली, "अगं, एक्स्टर्नल पान ४३ पर्यंत जातात का? झोप." मी म्हटलं, चूक आहे. ती म्हणाली, "चूक आहे हे तुला आणि मला माहीत आहे. बाइंडिंग झालंय. एकाचे परत एवढे पैसे. गप पड." खोटं कशाला सांगू, मला ते पटलं होतं. तिला मार्कांची गरज होती. मागच्या सेमची केटी होती आणि प्लेसमेंटला बसायला टक्केवारी जेमतेम होती. माझ्या प्रामाणिकपणाची किंमत तिने का द्यावी?

पाच मिनिटं कोणीच बोललं नाही. मग तीच अंधारात म्हणाली, "१९८१."

"काय?"

"पुढच्या वर्षी ज्युनियर्स आपलाच रिपोर्ट नेतील."

हेच खऱ्या जगातही होतं. कुणीतरी एका प्रोटीनला जुळणीवरून नाव देतो. ते डेटाबेसात जातं. दुसऱ्याची माळ त्याच्याशी जुळते, तो तेच नाव देतो. तिसरा दुसऱ्यावरून. प्रयोग एकानेही केलेला नसतो. २००९ साली काही संशोधकांनी एन्झाइम्सची ३७ कुटुंबं घेऊन मोठ्या डेटाबेसांमधली नावं तपासली. आपोआप नावं लावणाऱ्या डेटाबेसांत चुका भरपूर निघाल्या. स्विस-प्रॉटमध्ये, जिथे माणसं बसून एकेक नोंद वाचतात, तिथे जवळजवळ नाहीच. आपल्या जर्नल्सचं पण तेच. एक कोणीतरी मन लावून केलेली 'ओरिजिनल' असते आणि बाकी सत्तर झेरॉक्स.

आता कुणी म्हणेल, हे जुनं झालं, आता अल्फाफोल्ड आहे. खरंय. २०२० पासून अक्षरांवरून प्रोटीनचा आकार सांगण्यात क्रांती झाली आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेलही त्यावर मिळालं. पण या दोघींचा आकारही जवळपास सारखाच आहे. ठरवतात ती खोबणीतली एक-दोन अमिनो आम्लं. १९८८ साली तर एका जिवाणूच्या लॅक्टेट डीहायड्रोजिनेजमध्ये १०२ व्या जागेचं ग्लुटामिन काढून आर्जिनिन बसवलं आणि ते एन्झाइम मॅलेटवर काम करू लागलं. तीनशेच्या वर अमिनो आम्लांत एक! उलटही होतं. साखर फोडण्याच्या साखळीतलं आल्डोलेज आपल्या स्नायूंत एका घराण्याचं असतं आणि ई. कोलायमधलं मुख्य आल्डोलेज दुसऱ्याच घराण्याचं. माळा जुळतच नाहीत, पण काम तेच. म्हणजे सारखेपणा नसला म्हणून एन्झाइम नाही, असंही म्हणता येत नाही.

मग करायचं काय? टक्के बघा, पण तिथे थांबू नका. कामाच्या जागेची अक्षरं जुळतात का ते बघा. शेजारी कोणती जीन्स आहेत ते बघा, कारण जिवाणूंत एकाच कामाची जीन्स बऱ्याचदा शेजारी बसतात. तिथेही आंधळा भरवसा नको. त्या एडीपीमध्ये शेवटची तीन एका ओळीत आहेत, पहिली तीन मात्र प्लास्मिडवर विखुरलेली. आणि शेवटी, शक्य असेल तर, एन्झाइम बनवून त्याला ते रसायन खायला द्या. खाल्लं तर खरं.

सकाळी बाइंडरकाका म्हणाले, "पान निघत नाय ताई, सगळं पुस्तक खिळखिळं होईल." मग आम्ही शुद्धिपत्र टाइप केलं. सतरा नंबरचं खरं नाव, नऊ जागा, आमच्या यादीतला दोष आणि 'वीसपैकी वीस' ऐवजी 'वीसपैकी एकोणीस'. चारही प्रतींच्या शेवटच्या कव्हरला आतून डिंकाने चिकटवलं. पार्टनरनेच चिकटवलं.

ओरलला एक्स्टर्नलनी रिपोर्ट मधूनच उघडला, बंद केला आणि ब्लास्टचा फुलफॉर्म विचारला. पान ४३ ला कोणी गेलं नाही. पार्टनरला मार्क चांगले पडले, सध्या ती प्लेसमेंटला बसतेय. सरांनी मात्र आधी मागचं कव्हर उघडलं. सगळं शुद्धिपत्र वाचलं. म्हणाले, "हा लायब्ररीत ठेवायला हरकत नाही." त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

सुट्टीत घरी गेल्यावर आण्णांना सांगितलं की ते एन्झाइम आपल्या औषधाचं नव्हतंच. नऊ अक्षरांचा फरक, बाकी सगळं तेच. ते वैरण टाकत होते. म्हणाले, "एकाच गाईची दोन खोंडं. एक नांगराला चालतंय, एक शर्यतीला. जुंपल्याबिगर कळतंय व्हय?" सरांच्या सहा लेक्चर्समध्ये जे मला कळलं नव्हतं ते गोठ्यात अर्ध्या मिनिटात कळलं.

इथे लेख संपायला हवा होता. पण परवा शेजारच्या विंगमध्ये थर्ड इयरच्या एका मुलीच्या टेबलावर आमचा तक्ता दिसला. झेरॉक्स. पान ४३. सतरा नंबर, ॲट्राझिन क्लोरोहायड्रोलेज, ९८ टक्के. मी विचारलं, "शेवटचं शुद्धिपत्र?" ती म्हणाली, "ते कव्हरला चिकटलेलं होतं ना ताई, झेरॉक्सवाल्याने पानांपुरतंच काढलं."

तिची प्रत मी पेनने दुरुस्त केली. पण अजून किती प्रती आहेत आणि कुठल्या ट्रंकेत आहेत, मला माहीत नाही. मॅगझिन मात्र प्रत्येक रूममध्ये जातं. वाचलं नाही तरी डब्याखाली अंथरायला लागतंच. म्हणून हे इथे लिहितेय. ज्यांच्याकडे तो तक्ता असेल त्यांनी कृपया पेन घ्या. सतरा नंबर, मेलामाइन डीअमायनेज. आणि पहिल्या प्रकरणात ब्लास्टसमोर १९८१ असेल, तर तेही १९९० करा.